शालेय बागकाम (बालशिक्षण)
बालशिक्षणातील एक पद्धती. शाळेच्या आवारात वाफे किंवा कुंड्या तयार करून लहान मुलांकडून पेरणी, पाणी देणे, खुरपणी व काढणी ही कामे करून घेतात आणि निरीक्षण, मोजणी, भाषा हे विषय त्या कामांच्या ओघातच शिकवतात. माळ्याने राखलेली शोभेची बाग कितीही देखणी असली, तरी ती या पद्धतीत मोडत नाही. खुरपे मुलाच्या हातात असणे ही पहिली अट होय.

शाळेला बाग असावी, हा विचार चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी सतराव्या शतकातच मांडला होता. लहान मुलांसाठी तो पद्धतशीरपणे राबविला तो फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षणतज्ज्ञांनी. त्यांच्या किंडरगार्टनच्या (बालोद्यान, म्हणजे लहान मुलांची शाळा) आराखड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे, शिवाय सर्वांचे सामाईक वाफेही असत. ही योजना आजही उपयोगी पडते. स्वतःच्या वाफ्यातले रोप सुकले तर हयगय कोणाची, हे कोणी सांगावे लागत नाही. सामाईक वाफ्यात मात्र पाळ्या ठरवाव्या लागतात आणि भांडणेही मिटवावी लागतात. मारिया माँटेसरी यांनीही वनस्पतींची निगा राखण्याला शिक्षणात स्थान दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शाळकरी मुलांकडून भाजीपाला पिकविण्याची मोठी मोहीम झाली, पण तिचा रोख शिक्षणापेक्षा अन्नोत्पादनावर होता.

बियाण्याची निवड महत्त्वाची असते. घेवडा, वाटाणा, सूर्यफूल यांचे बी चिमुकल्या बोटांत नीट धरता येते आणि साधारण आठवडाभरात उगवते. मुळा तर महिनाभरात काढणीला येतो. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे, हा नियम मुले बोटाच्या पेराने मोजून शिकतात. रोपाच्या उंचीएवढा दोरा दर आठवड्याला कापून भिंतीवर लावला, की अंक न येणाऱ्या मुलालाही वाढ वाचता येते. काही मुले मुळे फुटली का ते पाहायला बी उकरून काढतात. त्यांना रागावण्यापेक्षा काचेच्या बरणीत ओल्या कागदाला लावून एक बी वेगळे रुजवावे.

मुलांच्या बागेत रोपे पाण्यावाचून मरतात, तशीच अति पाण्यानेही मरतात. म्हणून लहान झारी बरी. कण्हेर, धोतरा, एरंड ही विषारी झाडे आवारात नसावीत. काम झाल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक असते. स्वतः पिकविलेली भाजी चाखून पाहण्यास मुले अधिक राजी होतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र त्यामुळे त्यांच्या रोजच्या जेवणातील भाजी वाढतेच, असे नाही.

दीर्घ सुट्टीत बहुतेक बागा वाळतात, त्यामुळे सत्र संपण्यापूर्वी हाती येतील अशीच पिके घेतात.