वर्तुळाने दुखावलेल्या माना

'लूपमध्ये उलटं झाल्यावर पडलो तर?' रोलर कोस्टरच्या रांगेत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. पण गोल लूपमध्ये खरा धोका वर नसतो, तळाशी असतो. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडवर लोकांनी तो मानेवर सोसला.

तिथे 1895 मध्ये कॅप्टन पॉल बॉयटनने सी लायन पार्क उघडलं. उतारावरून तळ्यात झेपावणाऱ्या होड्या होत्या, समुद्रसिंहांचे खेळ होते आणि 'फ्लिप फ्लॅप' नावाचा रोलर कोस्टर होता. दोघांची गाडी 25 फूट व्यासाच्या लूपमधून उलटी फिरून यायची. लूप अगदी गोल. उतरणारे मान धरून उतरायचे.

पाण्याची बादली हाताने उभी गरगर फिरवून बघा. वर ती हलकी लागते, खाली येताना कडी बोटांत रुतते. वळायला लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. माथ्यावर गाडी रुळांना जेमतेम टेकून जायची असेल, तर तिथे वेगाचा वर्ग जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) गुणिले त्रिज्या इतका हवा. (जाहिरातवाले याला 'झीरो ग्रॅव्हिटी' म्हणतात. गुरुत्वाकर्षण कुठेही गेलेलं नसतं, फक्त सीट आपल्याला रेटत नाही.) तिथून दोन त्रिज्या खाली घसरल्यावर, घर्षण सोडून दिलं तर, वेगाचा वर्ग पाचपट होतो. म्हणजे 5 जी, त्यात आपल्या वजनाचा 1 जी. एकूण 6. पाच किलोचं डोकं मानेला तीस किलोचं लागतं! आणि गंमत अशी की या हिशेबातून त्रिज्याच उडून जाते. वर्तुळ कितीही मोठं बांधा, सहा ते सहाच. शिवाय सपाट रुळावरचा 1 जी वर्तुळात शिरताक्षणी 6 होतो. मानेला सावरायला वेळच मिळत नाही.

सी लायन पार्क 1902 मध्ये बंद झालं आणि पुढच्याच वर्षी त्या जागेवर लूना पार्क उभं राहिलं.

उपाय रेल्वेवाल्यांना ठाऊक होता. सरळ रूळ एकदम वर्तुळात न नेता मध्ये क्लोथॉइड नावाचा वक्र घालायचा. त्यात जितकं पुढे जावं तितकी वक्रता त्याच प्रमाणात वाढते. लूपच्या तळाशी वेग जास्त, तर तिथे त्रिज्याही मोठी. माथ्यावर वेग कमी, तर त्रिज्या लहान. वर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याने 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'रेव्होल्यूशन' या रोलर कोस्टरसाठी असा लूप आखला. आता बहुतेक लूप बाजूने पाहिले, तर उलट्या थेंबासारखे दिसतात.