ऑल-अमेरिकन बॉय (गीत व चित्रफीत)

शिकागोचा गायक-गीतकार स्टीव्ह ग्रँड याने स्वतः लिहून गायलेले प्रेमगीत; नावाचा अर्थ ‘अस्सल अमेरिकन मुलगा’. त्याची चित्रफीत २ जुलै २०१३ रोजी यूट्यूबवर आली. एका तरुणाचे आपल्या मित्रावर मन जडते, मित्राला मैत्रीण आहे, आणि प्रेम एकतर्फीच राहते, एवढाच गाण्याचा विषय. पाठीशी ध्वनिमुद्रिका कंपनी नव्हती आणि रेडिओही नव्हता. तरी साधारण आठवडाभरात ती दहा लाखांवर वेळा पाहिली गेली. कंट्री या अमेरिकी ग्रामीण धाटणीच्या संगीताचा सगळा सरंजाम (शेकोटी, व्हिस्की, मोटार, चार जुलै) जसाच्या तसा ठेवून त्यात पुरुषाचे पुरुषावरचे प्रेम बसवणे, ही तिची खरी कामगिरी.

ग्रँडचा जन्म १९९० चा. तो शिकागोजवळच्या लेमाँट गावात, कॅथलिक घरात वाढला. गाणे गाजण्याआधी तो चर्चमध्ये पियानो वाजवत असे आणि बारमध्ये गात असे. किशोरवयात आपल्याला ‘सरळ’ (म्हणजे भिन्नलिंगी) करण्यासाठी समुपदेशकाकडे पाठवले होते, हे त्याने नंतर मुलाखतींत सांगितले. चित्रफितीला सुमारे ७,००० डॉलर लागले आणि ते त्याने क्रेडिट कार्डांवर उचलले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहांना संघराज्याची मान्यता नाकारणाऱ्या कायद्याचे मुख्य कलम रद्द केले ते २६ जून २०१३ रोजी, म्हणजे चित्रफीत येण्याच्या जेमतेम सहा दिवस आधी. विषय घरोघरी चर्चेत होता. ध्रुवपदात चार जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, थेट उल्लेख आहे, हे ध्यानात घेतले की प्रकाशनाची तारीखही सहज पडलेली वाटत नाही.

रचना. इंग्रजीत ‘मी’ आणि ‘तू’ ही सर्वनामे लिंग दाखवत नाहीत, क्रियापदेही दाखवत नाहीत. त्यामुळे ‘तुझ्यावाचून करमत नाही’ या धाटणीची गाणी समलिंगी गायकांना लपूनछपून गाता येत आणि ऐकणारा आपापला अर्थ लावी. या गाण्याने ती पळवाट ठेवलेली नाही. कडव्यांत प्रियकराचे वर्णन तृतीय पुरुषी आणि उघड पुल्लिंगी आहे: त्याचे कपडे, त्याचे पेय, शेजारी बसलेली त्याची मैत्रीण. ध्रुवपदात गायक वर्णन सोडतो आणि त्यालाच हाक घालतो. कडव्यात दुरून न्याहाळणे आणि ध्रुवपदात सरळ मागणे, ही उडी गाण्याचा कणा आहे. एकतर्फी प्रेमाच्या गीतात हीच जागा बहुधा फसते: हाक लवकर घातली तर ओढ साचत नाही, फार लांबवली तर कडवी नुसती यादी होऊन बसतात.

संगीताच्या अंगाने हे गाणे कंट्रीपेक्षा रॉक-पॉपच्या जवळचे आहे. बँजो, फिडल, पेडल स्टील ही कंट्रीची ओळखीची वाद्ये त्याचा भार उचलत नाहीत. तो आहे किंचित खरखरीत गळ्यावर आणि ध्रुवपदाला चढत जाणाऱ्या गिटार-ड्रम्सवर. कंट्रीपण आले आहे ते शब्दांतून आणि दृश्यांतून. म्हणूनच ‘हा कंट्री गायक आहे का’ हा वाद पहिल्या दिवसापासून चालू राहिला. बिरूद माध्यमांनी चिकटवलेले होते; ग्रँडने स्वतः त्याचा आग्रह धरला नाही.

चित्रफीत. नायक स्वतः ग्रँड. मित्रमंडळींच्या मैफलीत त्याची नजर मित्रावर खिळलेली. मित्राची मैत्रीण सोबत आहे. पुढे दोघे मित्र एकटे पडतात, व्हिस्की होते, कपडे उतरवून पाण्यात उतरतात, आणि तिथे चुंबन होते. ते पुढे सरकत नाही. मित्र आपल्या जगात परततो, नायक आपल्या जागी. मारामारी, शिवीगाळ, अपमान यांतले काही होत नाही, मैत्री तुटत नाही. त्या काळी पडद्यावरच्या अशा कथा बऱ्याचदा मारहाणीत किंवा मृत्यूत संपत, त्यामुळे हा शेवट अनेकांना धक्का देऊन गेला.

आक्षेपही आले आणि त्यांतले काही रास्त आहेत. ‘सरळ’ पुरुषाच्या मागे झुरणारा समलिंगी तरुण हा साचा जुनाच. मैत्रिणीला अडथळ्यापलीकडे काम नाही. पिळदार शरीराची गोरी मुले म्हणजेच ‘अस्सल अमेरिकन’ का, हा प्रश्नही विचारला गेला. दारूच्या अमलाखालच्या चुंबनात संमती कुठे बसते, हे चित्रफीत मोकळे सोडते.

अशी चित्रफीत बनवताना. कमी पैशांत बाहेर, उजेड-पाण्यात चित्रीकरण करणाऱ्यांचे हात बहुतेक ठरलेल्या ठिकाणीच पोळतात. पहिले म्हणजे ओठ जुळवणे. गाण्याचे मिश्रण अंतिम झाल्याखेरीज कॅमेरा लावू नये. नंतर चाल थोडी जरी बदलली तरी सगळे टेक वाया जातात. चित्रीकरणाच्या जागी तेच ध्वनिमुद्रण स्पीकरवर वाजवतात आणि गायक नुसते ओठ न हलवता खरोखर गातो. नुसते ओठ हलवले की मानेच्या शिरा ताणत नाहीत आणि खोटेपणा लगेच कळतो. कॅमेरा सेकंदाला २३.९७६ चौकटींवर (फ्रेमवर) आणि संपादनाची पट्टी नेमक्या २४ वर असेल, तर फरक हजारात एकाचा पडतो. चार मिनिटांच्या गाण्यात तो पाव सेकंदाच्या आसपास, म्हणजे सहा चौकटींचा होतो आणि शेवटच्या ध्रुवपदात ओठ उघडच मागे-पुढे दिसतात. संथगती हवी असेल तर ४८ चौकटींवर चित्रण करून गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे. गायकाने त्या वेगाने गायले की मूळ गतीला ओठ जुळतात आणि अंग मात्र तरंगल्यासारखे हलते. उघड्या मोटारीत वाऱ्यापुढे स्पीकर ऐकू येत नाही, म्हणून तो आसनाखाली दडवतात किंवा कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कानात इअरफोन घालतात.

शेकोटी दिसायला सोपी, पकडायला अवघड. तिचा उजेड २,००० केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजण्याच्या एककाच्या) आगेमागे, गडद नारिंगी. सूर्य बुडाल्यानंतरची वीस-तीस मिनिटे आकाश आणि ज्वाळा यांचा तोल साधलेला असतो. ती गेली की मागचे झाड, माणसे, पाणी सगळे काळ्यात बुडते आणि चेहरे अधांतरी तरंगतात. त्यामुळे रुंद चौकटी आधी, चेहऱ्यांच्या जवळच्या चौकटी अंधार पडल्यावर, असा क्रम लावतात. ज्वाळेची उंची दर टेकला वेगळी असली तर कापताना दृश्य उडी मारते. लाकडे टाकायला एक माणूस खास नेमावा लागतो. चेहऱ्यासाठी जमिनीलगत नारिंगी कागद लावलेला छोटा एलईडी दिवा ठेवतात.

पाण्याचे प्रसंग दिवसाच्या शेवटी घ्यावेत. एकदा केस भिजले की कोरड्या प्रसंगाकडे लवकर परतता येत नाही. काठावर पोहता येणारा एक माणूस, पांघरुणे आणि गरम पेय हवेच. थंडीने ओठ निळे पडले की प्रेमाचा प्रसंग हातचा जातो. बाटलीत व्हिस्कीऐवजी पातळ केलेला कोरा चहा भरतात. चुंबन आणि विवस्त्र प्रसंगाच्या हालचाली, हात कुठे, किती वेळ, कोण थांबवणार, हे आधी बोलून घेतात आणि त्या वेळी जागेवर मोजकीच माणसे ठेवतात. चौकट कमरेच्या वर ठेवण्याला लाजेपलीकडचे कारण आहे: यूट्यूबने वयाची अट घातली की लॉग-इन न केलेल्यांना चित्रफीत दिसत नाही आणि तिचा प्रसार तिथेच खुंटतो.

प्रसार आणि पैसा. कंट्रीचा रूढ मार्ग नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या मुख्य शहरातल्या कंपन्या आणि त्यांनी जपलेली रेडिओ केंद्रे असा जातो. हे गाणे त्या दारावर गेलेच नाही. समाजमाध्यमे आणि बझफीडसारखी संकेतस्थळे यांनी ते उचलले आणि त्याच महिन्यात ग्रँड ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसला. गाजावाजा मात्र पगार देत नाही. यूट्यूबवरच्या दहा लाख दृश्यांची कमाई सहसा काही हजार डॉलरच्या घरातच राहते, त्यामुळे पुढच्या ध्वनिमुद्रणाची सोय वेगळी लावावी लागते. ग्रँडने २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली आणि सव्वातीन लाख डॉलरहून अधिक जमले. याच नावाचा अल्बम मार्च २०१५ मध्ये आला आणि बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ४७व्या क्रमांकावर दाखल झाला. कंपनीविना निघालेल्या पहिल्या अल्बमला ही मजल मोठीच.

‘पहिला’ कोण? ग्रँडला ‘पहिला उघड समलिंगी कंट्री गायक’ म्हटले गेले. ते चूक आहे. पॅट्रिक हॅगर्टीच्या ‘लॅव्हेंडर कंट्री’ या सिएटलच्या गटाने त्याच नावाचा अल्बम १९७३ मध्ये काढला होता. त्याच्या सुमारे हजार प्रती समलिंगी चळवळीतच फिरल्या, नंतर तो विस्मरणात गेला आणि २०१४ मध्ये पुन्हा प्रकाशित झाला. कॅनडाचा ड्रेक जेन्सन ग्रँडच्या आधीपासून उघडपणे गात होता. स्त्रियांत के. डी. लँग १९९२ मध्ये आणि शेली राइट २०१० मध्ये आपण समलिंगी असल्याचे उघडपणे बोलल्या. राइट तर नॅशव्हिलमधली प्रस्थापित गायिका होती. फरक पोहोचण्यात आहे. हॅगर्टीचे गाणे राजकीय होते आणि ज्यांना ते आधीच पटले होते त्यांच्यापर्यंत गेले. ग्रँडचे गाणे वाट चुकून आलेल्या प्रेक्षकापर्यंत गेले.

पुढे प्रियकराचे लिंग सर्वनामाआड लपवण्याची ती अडचण नॅशव्हिलमध्येही सुटू लागली. टाय हर्नडन आणि बिली गिलमन या कंट्री गायकांनी २० नोव्हेंबर २०१४ रोजी, एकाच दिवशी, आपण समलिंगी असल्याचे सांगितले. हर्नडनने आपले १९९५ मधले अव्वल ठरलेले गीत २०१९ मध्ये पुन्हा गायले, ‘ती’च्या जागी ‘तो’ घालून. ब्रदर्स ऑस्बोर्न या कंट्री गायक जोडीतला टी. जे. ऑस्बोर्न फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडपणे बोलला. त्याच अनुभवावरच्या गीताला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाले. ऑस्बोर्नच्या मागे मोठी कंपनी होती, हा ग्रँडच्या वाटेपासूनचा महत्त्वाचा फरक. ग्रँडचा दुसरा अल्बम २०१८ मध्ये निघाला. तो बराचसा पॉपकडे झुकलेला आहे, आणि ‘कंट्री गायक’ हे बिरूद तोवर त्याच्यापुरते गळून पडले होते.