कार्ड चोरीला गेलं? मशीनचं बोलणं संपेपर्यंत फोन ठेवू नका
(आमच्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या ग्राहकांसाठी)

एटीएम कार्ड ब्लॉक करायला आमच्या केंद्रापर्यंत यायची गरज नाही. दुकानदारानेच असं सांगणं चमत्कारिक वाटेल, पण तुम्ही एस.टी. धरून इथे पोचेपर्यंत कार्ड चोराच्या हातात चालूच असतं. टॅप करून पैसे द्यायची सोय त्यावर चालू असेल, तर एका वेळी 5,000 रुपयांपर्यंतची खरेदी पिन न टाकता होते. म्हणून जिथे असाल तिथून आधी बँकेला फोन लावा. आमच्याकडे सावकाश या.

फोनवर माणूस नसतो, मशीन बोलतं. पुष्कळांना त्याचा राग येतो. पण हेच मशीन रात्री दोन वाजता, रविवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा फोन उचलतं. आधी ते भाषा विचारतं, मग काम विचारतं, मग कार्डाचे किंवा खात्याचे आकडे दाबायला लावतं आणि बहुतेक वेळा शेवटी पुन्हा एकदा विचारतं, की ब्लॉक करायचं हे नक्की का?

घोळ होतो तो इथे. लोक ‘कार्ड ब्लॉक करण्यासाठी’ एवढंच ऐकतात, सांगितलेलं बटण दाबतात आणि काम झालं समजून फोन ठेवतात. मशीनच्या लेखी तो अर्धवट राहिलेला फोन. कार्ड चालूच राहतं. मग पैसे निघाल्याचा मेसेज येतो आणि काउंटरवर येऊन आम्हाला ऐकवतात, “अहो, मी त्याच दिवशी फोन केला होता!” आम्ही तक्रार क्रमांक विचारतो. तो नसतो. मग आमचा आणि तुमचा अर्धा दिवस, झालं काय होतं हे शोधण्यात जातो.

तेव्हा फोन कानालाच ठेवा. मशीन तक्रार क्रमांक सांगेल तो लिहून घ्या, आणि ब्लॉक झाल्याचा मेसेज येईपर्यंत काम झालं असं समजू नका. मेसेज आला नाही तर पुन्हा फोन लावा.

या क्रमांकावर आम्ही एवढे का अडून बसतो? रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी परिपत्रक काढलं, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेगळं काढलं. तक्रार येताच ग्राहकाला क्रमांकासह पोच द्यायची, ही बँकेची जबाबदारी त्यात लिहिलेली आहे. पैशांचा हिशोबही तक्रारीच्या वेळेवरच ठरतो. पिन चिठ्ठीवर लिहून पाकिटात कार्डाशेजारीच ठेवला असेल (ठेवतात, आम्ही रोज बघतो), तर तो तुमचा निष्काळजीपणा धरला जातो आणि तक्रार करेपर्यंत गेलेले पैसे तुमचे. तक्रारीनंतर गेले तर ते बँकेच्या अंगावर. दोष ना तुमचा ना बँकेचा अशी भानगड असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्याला काहीच भुर्दंड नाही; चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 रुपयांची झळ. यात “फोन केला होता” याला किंमत नाही, क्रमांकाला आहे.

कार्डच गेलं, मग त्याचे आकडे कुठून आणायचे? पैसे काढल्याचे बँकेचे जुने मेसेज उघडून बघा, पुष्कळ बँका त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे देतात. स्टेट बँकेच्या ग्राहकांना तेवढ्यावर एसएमएसनेही काम करता येतं: इंग्रजीत ब्लॉक, मग जागा सोडून ते चार आकडे, आणि 567676 वर पाठवायचं. मेसेज खात्याला जोडलेल्या मोबाइलवरूनच गेला पाहिजे.

बँकेचा नंबर मात्र गुगलवर शोधू नका. तिथे ठगांनी आपले नंबर ‘कस्टमर केअर’ म्हणून पेरून ठेवलेले असतात. नंबर पासबुकावरून घ्या. ब्लॉक करायला पिन लागत नाही. फोनवर माणूस येऊन पिन विचारू लागला किंवा एनीडेस्क (तुमच्या मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं ॲप) टाका म्हणाला, तर फोन तिथेच कापा. फोन मध्येच कापायचा तो एवढ्याच वेळी.

काहीजण कार्ड ब्लॉक केलं की खातं बंद पडेल या भीतीने थांबतात. तसं होत नाही. पगार, पेन्शन जमा होत राहते, यूपीआय चालतं. मोबाइलही चोरीला गेला असेल तर सिमही लगेच बंद करून घ्या. ॲपमधलं कार्ड ‘बंद’ करायचं बटण तात्पुरतं असतं, ते पुन्हा चालू होतं. कार्ड घरातच कुठे पडलंय असं वाटत असेल तर ते ठीक, चोरी झाली असेल तर कायमचं ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर बँकेबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनलाही लगेच कळवा.

“तुम्हीच लावा की फोन, आम्हाला समजत नाही,” असं म्हटल्यावर आम्ही तुमचा मोबाइल हातात घेत नाही, यावरून काही मंडळी नाराज होतात. तुमचा ओटीपी आमच्या डोळ्यांसमोर येऊ नये हे तुमच्याही भल्याचं आहे आणि आमच्याही. शेजारी उभं राहून कोणतं बटण कधी दाबायचं ते सांगू, घाई करणार नाही. याचे पैसे आम्ही घेत नाही.

पुढच्या कामांचे घेतो: नव्या कार्डाचा अर्ज, सायबर तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म, बँकेत पत्ता बदलायचा अर्ज. पत्त्याचं आधी बघा, कारण नवं कार्ड बँकेत नोंदलेल्या पत्त्यावर जातं आणि जुनं घर सोडलेलं असेल तर ते परत फिरतं. दरपत्रक काउंटरवर लावलं आहे. येताना पासबुक, आधार आणि लिहून घेतलेला तक्रार क्रमांक आणा.