यूजरस्क्रिप्ट (शोधनिकालांसाठी)

ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावर वाचणाऱ्याने आपल्या सोयीसाठी चालवलेला जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा म्हणजे यूजरस्क्रिप्ट. पान ज्याचे आहे त्याला विचारावे लागत नाही, कारण सर्व्हरवर काहीच बदलत नाही. बदल होतो तो फक्त आपल्या पडद्यावरच्या प्रतीत. शोधयंत्राच्या निकालपानासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टची कामे साधारण ठरलेली असतात : नकोशी संकेतस्थळे लपवणे, भरवशाची ठळक करणे, दुव्यांमागची माग काढणारी वळणे काढून टाकणे, जुने निकाल फिके करणे. या नोंदीतली उदाहरणे नाशिकच्या शोधांतली आहेत. मराठी मजकूर गाळताना जे अडते त्याचा विचार तयार मिळणाऱ्या स्क्रिप्टांमध्ये सहसा केलेला नसतो आणि नाशिक हे नावच त्यासाठी उत्तम परीक्षा आहे.

ही पद्धत रुळली ती फायरफॉक्सवरच्या ग्रीसमंकी या एक्स्टेंशनमुळे (ब्राउझरला जोडायच्या पुरवणीमुळे). ॲरन बूडमन यांनी त्याचे काम २००४ मध्ये सुरू केले. ग्रीसमंकी म्हणजे इंग्रजी बोलीत मेकॅनिक. आपल्याकडे सातपूर-अंबडच्या गॅरेजात ग्रीसने माखलेला जो पोऱ्या दिसतो, तोच. २०१० मध्ये क्रोमसाठी टॅम्परमंकी आले, पुढे मुक्तस्रोत व्हायोलेंटमंकी. स्क्रिप्टांचे मोठे कोठार असलेले यूजरस्क्रिप्ट्स डॉट ऑर्ग २०१४ मध्ये बंद पडले आणि त्याची जागा ग्रीसी फोर्कने घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ सोबत एक्स्टेंशनची जुनी रचना गेली. ग्रीसमंकीच्या चौथ्या आवृत्तीत जतन केलेली माहिती वाचण्यासारखी कामे ‘प्रॉमिस’ पद्धतीने होऊ लागली, आणि लगेच उत्तर येईल असे धरून चाललेल्या जुन्या स्क्रिप्टा एका रात्रीत गप्प झाल्या. क्रोमनेही मॅनिफेस्टची (एक्स्टेंशनच्या नियमांची) तिसरी आवृत्ती आणताना यूजरस्क्रिप्टसाठी वेगळी सोय केली. ती वापरायला आधी डेव्हलपर मोड चालू करावा लागे. क्रोम १३८ पासून त्या-त्या एक्स्टेंशनच्या तपशिलात ‘अलाऊ यूजर स्क्रिप्ट्स’ हे बटण चालू करावे लागते. ते बंद असेल तर मॅनेजर (स्क्रिप्टा चालवणारे एक्स्टेंशन) बसवलेला दिसतो, स्क्रिप्ट यादीत दिसते, आणि घडत काहीच नाही.

प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर टिप्पणीच्या रूपात एक माहितीचा ठोकळा असतो : नाव, आवृत्ती, कोणत्या पत्त्यांवर चालायचे (मॅच), कोणती खास परवानगी हवी (ग्रँट), कधी चालायचे (रन-ॲट). ‘मॅच’च्या नियमात डोमेनच्या शेवटी तारा चालत नाही, त्यामुळे गूगलचा देशोदेशीचा पत्ता वेगळा लिहावा लागे. भारतातल्या अनेकांनी फक्त ‘डॉट को डॉट इन’ लिहून ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने देशनिहाय पत्ते ‘डॉट कॉम’कडे वळवण्याचे जाहीर केले आणि त्या स्क्रिप्टा, एक अक्षरही न बदलता, निकामी होऊ लागल्या. बिघाड शोधताना पहिली नजर म्हणूनच पत्त्याच्या पट्टीवर टाकावी.

निकालपानाशी खरी झटापट असते ती निकाल ओळखण्याची. गूगलच्या पानावर घटकांना दिलेली क्लासची नावे यंत्राने ठेवलेली, अर्थहीन आणि बदलती असतात. त्यांच्यावर विसंबलेली स्क्रिप्ट फार काळ टिकत नाही. त्यापेक्षा रचनेला धरावे : दुव्याच्या आत तिसऱ्या पातळीचे शीर्षक असेल तर तो बहुधा निकाल. तिथून वर चढत जायचे आणि ज्या डब्यात असे दुसरे शीर्षक येते, त्याच्या एक पायरी अलीकडे थांबायचे. हा झाला एका निकालाचा डबा. तो काढून टाकू नये, लपवावा. काढलेला तुकडा पानाच्या स्वतःच्या कोडला हवा असतो आणि मग भलतीकडेच काहीतरी मोडते. पत्ता तपासतानाही अक्षरे सापडली की झाले, असे करू नये. रोमन लिपीत ‘एक्स डॉट कॉम’ ही अक्षरे ‘नेटफ्लिक्स डॉट कॉम’च्या पोटात आहेत, एकाला हाकलताना दुसराही जातो. यजमाननाव वेगळे काढून ते पूर्ण जुळते का, किंवा टिंबासह शेवटाला जुळते का, एवढेच पाहावे.

‘आजचे कांदा भाव लासलगाव’ हा निफाड तालुक्यातला रोजचा शोध. त्यात अनेकदा वर येतात ती जुनाच मजकूर ठेवून फक्त तारीख बदलणारी पाने. संकेतस्थळांची यादी करून ती लपवणे सोपे. तारखेवरून गाळायला गेले की अंक आडवे येतात. जावास्क्रिप्टच्या नियमित पदावलीतले (मजकूर शोधायच्या साच्यातले) अंकांचे चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखते. ‘१२’ हा मजकूर संख्येत बदलायला सांगितला तर उत्तर येते ‘ही संख्या नव्हे’. गंमत अशी की तीच भाषा मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिल्यावर तारीख देवनागरी अंकांत छापून देते; छापता येते, वाचता येत नाही. उपाय किरकोळ आहे : युनिकोडमध्ये शून्यापासून नऊपर्यंतचे देवनागरी अंक सलग आहेत, तेव्हा प्रत्येकातून शून्याचा क्रमांक वजा करायचा. पण हे सुचेपर्यंत माणूस आपल्याच गणितावर संशय घेत बसतो.

आता नाशिक. निकालाच्या मजकुरात हे नाव असेल तरच तो ठळक करायचा, एवढीच मागणी. पण नाव ‘नाशिक’ही लिहितात आणि ‘नासिक’ही. विभक्ती लागली की ‘नाशकात’, ‘नाशकातील’ होते आणि मधली वेलांटीच गळते. म्हणून साचा करावा लागतो ‘ना[शस]ि?क’ : ‘श’ किंवा ‘स’, आणि वेलांटी असली तर असली. तो चालतो. इतका चालतो की द्राक्षबागायतदाराच्या पडद्यावर कीटकनाशक, जंतुनाशक आणि बुरशीनाशकांच्या जाहिराती नाशिकच्या बातम्या म्हणून उजळतात.

शब्दाची हद्द दाखवणारे नेहमीचे चिन्ह इथे कामाचे नाही. त्याच्या हिशेबी शब्द म्हणजे इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेखा, त्यामुळे जागा आणि ‘न’ यांच्यामध्ये त्याला हद्दच दिसत नाही. मग युनिकोडचा गट वापरून ‘मागे अक्षर नसावे’ अशी अट घालतात. कीटकनाशक थांबते, कारण मागे ‘क’ आहे. बुरशीनाशक मात्र सुटते. कारण मागे आहे ती वेलांटी, आणि युनिकोडच्या लेखी मात्रा-वेलांट्या ‘अक्षर’ गटात नसून ‘चिन्ह’ गटात आहेत. जंतुनाशकाचा उकारही तसाच. अट ‘मागे अक्षरही नको, चिन्हही नको’ अशी घातली आणि साच्याला युनिकोडचा झेंडा (‘यू’ फ्लॅग) लावला की दोन्ही थांबतात. ‘तण नाशक’ असे तोडून लिहिणाऱ्यांवर मात्र इलाज नाही.

दुसरा पेच ‘ऱ’चा. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ हे शब्द तीन प्रकारे साठवलेले सापडतात : स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा जुन्या पद्धतीने ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पहिले दोन प्रकार नॉर्मलाइज केल्यावर (युनिकोडच्या ठरावीक एका रूपात आणल्यावर) एक होतात. तिसरा होत नाही. तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून हा दोष शोधायला सर्वांत जास्त वेळ जातो.

हिंदी निकाल वेगळे काढणे हीसुद्धा मराठी वापरणाऱ्याची गरज. लिपी एकच असल्याने लिपीवरून ते जमत नाही. ‘आहे’, ‘आणि’, ‘ळ’ एका बाजूला आणि ‘है’, ‘और’ दुसऱ्या बाजूला मोजणे हा ढोबळ उपाय बराच उपयोगी पडतो. मात्र निकालाखालच्या दोन ओळींत यांतले काहीच नसू शकते. अशा वेळी निकाल जसा आहे तसा राहू द्यावा. सिंहस्थाच्या शोधात हेच दिसते. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभ म्हणजे सिंहस्थ (मागचा २०१५-१६, पुढचा २०२६-२८), पण उज्जैनच्या कुंभालाही सिंहस्थच म्हणतात. नुसता ‘कुंभमेळा’ शोधला तर २०२५ चा प्रयागराजचा महाकुंभ मध्ये येतो. ‘उज्जैन’ किंवा ‘प्रयागराज’ दिसताच लपवायचे ठरवले तर चारही ठिकाणांची माहिती देणारे चांगले लेख आधी जातात. फिके करणे हे लपवण्यापेक्षा केव्हाही बरे : चूक झाली तर निदान डोळ्यांसमोर राहते.

यूजरस्क्रिप्टचा बिघाड बहुधा आवाज करत नाही. त्यामुळे तपासणीचा क्रम महत्त्वाचा. पहिल्याच ओळीत कन्सोलवर (ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतल्या संदेशपटलावर) एक शब्द छापायचा. तो दिसला नाही आणि कोडमध्ये व्याकरणाची चूक नसेल, तर दोष कोडमध्ये नाही. पत्ता, परवानगी किंवा मॅनेजर यांपैकी काहीतरी चुकले आहे. शब्द दिसला पण निकाल शून्य सापडले, तर दोन शक्यता : स्क्रिप्ट निकाल येण्याआधी धावली किंवा पानाची रचना बदलली. तोच सिलेक्टर (निकाल निवडणारा नियम) थोड्या वेळाने कन्सोलमध्ये हाताने चालवून पाहिला की कोणती ते कळते. अर्धा सेकंद थांबायला सांगणे ही इथली लोकप्रिय पळवाट आहे. चांगल्या वायफायवर चालते, लोड कमी-जास्त होणाऱ्या नेटवर्कवर फसते.

योग्य साधन म्हणजे म्युटेशन ऑब्झर्व्हर. पानात नवा तुकडा आला की तो स्क्रिप्टला कळवतो. गूगलने डेस्कटॉपवर डिसेंबर २०२२ मध्ये आणलेले आणि जून २०२४ पासून काढून घेतलेले अखंड स्क्रोल अशाच स्क्रिप्टांनी निभावले. येतानाही आणि जातानाही. त्याचा धोका एकच : स्क्रिप्टने निकालाशेजारी चिठ्ठी लावली की तोही पानातला बदल ठरतो, ऑब्झर्व्हर पुन्हा जागा होतो, पुन्हा चिठ्ठी लागते आणि टॅब गोठतो. हाताळलेल्या निकालावर खूण ठेवून तो पुढच्या खेपेला वगळला की हे चक्र थांबते. मागे जाण्याचे बटण दाबल्यावर ब्राउझर कधीकधी पान जसेच्या तसे स्मृतीतून उभे करतो आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरुवातीपासून चालत नाही. त्यासाठी ‘पेजशो’ या घटनेकडे कान द्यावा लागतो. काही पानांवर ‘ट्रस्टेड टाइप्स’चा पहारा असल्याने मजकूर थेट एचटीएमएल म्हणून घुसवता येत नाही. तेव्हा घटक एकेक करून बनवावे. तसेही तेच नीट.

नुसते लपवायचे असेल तर पुष्कळदा जावास्क्रिप्टची गरजच नसते. सीएसएसमधला ‘हॅज’ हा सिलेक्टर क्रोममध्ये २०२२ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०२३ च्या डिसेंबरपासून चालतो. अमुक पत्त्याचा दुवा पोटात असलेला डबा लपव, हे त्याला एका ओळीत सांगता येते, आणि निकाल क्षणभर दिसून मग गायब होण्याचा चमत्कारिक लपंडावही टळतो.

दुसऱ्याची स्क्रिप्ट घेताना ती कुठे चालणार हे आधी वाचावे. शोधपान सजवणारी स्क्रिप्ट सर्व संकेतस्थळांची परवानगी मागत असेल तर तिला बँकेचे पानही वाचता येते. ग्रीसी फोर्कवर मुद्दाम दुर्बोध केलेले किंवा आवळून लहान केलेले कोड ठेवायला मनाई आहे, ती याच कारणाने.

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन बसत नाहीत; फायरफॉक्समध्ये बसतात आणि स्क्रिप्ट मॅनेजरही चालतो. फक्त दुव्यांची जुनी यादी हवी असेल, तर मे २०२४ मध्ये गूगलने आणलेला ‘वेब’ गाळणा पुरतो. शोधाच्या पत्त्यात ‘यूडीएम’ची किंमत १४ दिली की तो लागू होतो, आणि तो पत्ता ब्राउझरमध्ये नेहमीचे शोधयंत्र म्हणून नोंदवला की पिंपळगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरवर बसूनही स्क्रिप्टशिवाय काम भागते.