पार्श्वभूमी : विजेची नवी इंजिनं मध्येच का बसतात

मूर्तिजापूर–यवतमाळच्या अरुंद लाइनीवर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन धावत होतं. मेन लाइन तोवर विजेवर आली होती, आणि पुढच्याच वर्षी युरोपातून थ्री-फेज मोटरींची इंजिनं देशात उतरली. त्याच तंत्रावर २००० पासून चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी गाड्यांचं इंजिन बनू लागलं. बडनेरा–वर्धा–नागपूर पट्ट्यात एक्स्प्रेसला आता सहसा तेच असतं.

ताकदीबद्दल तक्रार नाही. घोळ होतो तो कन्व्हर्टर (तारेतली वीज मोटरींना हवी तशी करून देणारी यंत्रणा) आणि कंट्रोलचा. जुन्या डब्ल्यूएपी-४ मध्ये रिले (आपोआप सर्किट तोडणारा स्विच) सतावू लागला की लाकडी पाचर मारून गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत ओढून नेत. नव्यात तापमान वा करंट मर्यादेबाहेर गेला की कॉम्प्युटर स्वतःच इंजिनाच्या एका बोगीच्या, म्हणजे चाकांच्या एका संचाच्या, मोटरी तोडतो. तेवढ्याने भागलं नाही तर पेंटो (वरच्या तारेला टेकणारा छतावरचा सांगाडा) खाली घेऊन सगळं कंट्रोल बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. त्यात मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा आणि वणी-माजरीकडची कोळशाची धूळ. फिल्टर तुंबला की आतली हवाच कमी पडते.

वाद आहे तो इंजिनातूनच डब्यांना वीज देण्याच्या निर्णयावर. जुन्या निळ्या डब्यांना चाकाच्या पट्ट्यावर फिरणारा डायनॅमो आणि बॅटरी असे. इंजिन मेलं तरी पंखे काही वेळ चालत. ते डबे बनणं २०१८ मध्ये थांबलं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या एलएचबी डब्यांना गाडीच्या दोन टोकांना डिझेलच्या पॉवर कार, म्हणजे जनरेटरचे डबे, लागत. मग वीज वरच्या तारेतूनच घ्यायचं ठरलं : ट्रान्सफॉर्मरला वेगळं वाइंडिंग, ५०० केव्हीएचे दोन कन्व्हर्टर, डब्यांना ७५० व्होल्ट. डिझेल वाचलं, धूर-आवाज कमी झाला, एका पॉवर कारची जागा प्रवाशांना मिळाली. हिशेब चोखच. पण ज्या इलेक्ट्रॉनिक्सची आधीच कुरकुर होती, त्याच्याच शेजारी हा आणखी नाजूक भार बसवला. डब्यांचा तो कन्व्हर्टर बंद पडला तर इंजिन धावतं, पण उरलेली पॉवर कार सुरू होईपर्यंत डबे उकडतात.

कन्व्हर्टरमध्ये जुन्या जीटीओ जातीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचऐवजी आता आयजीबीटी जातीचे येतात, त्यांनी बराच फरक पडला. मेमूचं (जवळच्या पल्ल्याची, वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी) गणितच निराळं. एक मोटर-डबा गेला तरी दुसऱ्यावर गाडी रेटता येते. मात्र चांदूर-धामणगावच्या मध्ये एक्स्प्रेस अडकली की मेमूही मागे अडकते. जवळच्या मालगाडीचं इंजिन काढून एक्स्प्रेसला लावतात, आणि बिनइंजिनाची मालगाडी नेमकी त्याच लूपमध्ये (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) पडून राहते जिथे मेमू घ्यायची असते.