वस्तूवरची बंदी आणि नावावरची बंदी

चिप आणि चिप बनवायच्या यंत्रांवरच्या निर्यात-निर्बंधांचा विषय निघाला की बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे या कारखानदारी भागात उत्तर ठरलेलं : "आम्ही कास्टिंगवाले, आमचा काय संबंध?" संबंध आहे की नाही हे कळायला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. बातम्यांत त्या कायम एकमेकींत मिसळलेल्या असतात.

कणकुंबीच्या नाक्यावर बिनपरवाना गोव्याची दारू सापडली की जप्त होते, गाडी कुणाचीही असो. ही वस्तूवरची बंदी. दुकानदारानं एखाद्याचं खातं बंद केलं की त्याला उधारीवर काडेपेटीही मिळत नाही. ही नावावरची.

नेदरलँड्सनं 1 सप्टेंबर 2023 पासून एएसएमएल या कंपनीच्या चिप छापणाऱ्या एनएक्सटी 2000आय आणि त्यापुढच्या मशिनांना निर्यात परवाना लावला. जपाननं त्याच जुलैत 23 प्रकारची उपकरणं यादीत घातली, चीननं ऑगस्टात गॅलियम आणि जर्मेनियम हे चिपला लागणारे धातू. ही सगळी पहिली जात. अमेरिकेची एंटिटी लिस्ट, म्हणजे परवान्याशिवाय माल द्यायचा नाही अशा नावांची यादी, दुसऱ्या जातीची : मे 2019 मध्ये चीनची हुवावे, डिसेंबर 2020 मध्ये चिनी चिप कंपनी एसएमआयसी, डिसेंबर 2024 मध्ये एकदम 140 नावं. हा चटका आपल्या देशानंही सोसलाय. 1998 च्या पोखरणनंतर आपल्या संस्था त्या यादीत गेल्या. बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) नाव निघायला जानेवारी 2025 उजाडला.

आता आपलं काम. वस्तू बंधनात आहे का, हे डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) स्कोमेट यादीवरून, म्हणजे लष्करी कामालाही वापरता येणाऱ्या वस्तूंच्या यादीवरून, ठरतं. कर-कस्टमसाठी मालाला लावतात त्या एचएसएन कोडवरून नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. साधा व्हॉल्व्ह आणि बंधनातला व्हॉल्व्ह दोन्ही 8481 मध्येच बसतात. फरक धातूचा. 10 मिमीपेक्षा मोठ्या व्हॉल्व्हचा रसायनाला लागणारा भाग 25 टक्क्यांवर निकेल आणि 20 टक्क्यांवर क्रोमियम असलेल्या मिश्रधातूचा असेल, तर परवाना लागतो. नुसती बॉडी पाठवली तरी. ग्रे आयर्न मोकळं. सीएफ8एम हे स्टेनलेस मोकळं, त्यात निकेल 9 ते 12 टक्केच. अडचण सीएन7एम या जास्त निकेलच्या ग्रेडची. त्यात निकेल 27.5 ते 30.5, पण क्रोमियम 19 ते 22. म्हणजे एकाच ग्रेडची सकाळची हीट (भट्टीतला एक घाणा) यादीबाहेर आणि दुपारची यादीत, असं होऊ शकतं. ग्रेडचं नाव बघून 'लागू नाही' लिहू नका, त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे कुठला धातू किती टक्के याची तपासणी, बघा.

नावांच्या यादीत वस्तू किती साधी हा प्रश्नच नसतो. मात्र अमेरिकेचा कायदा अमेरिकी मालाच्या, तंत्रज्ञानाच्या मागून येतो. इथंच ओतलेल्या, इथंच मशिनिंग केलेल्या साध्या ब्रॅकेटला तो सहसा चिकटत नाही. असेंब्लीत अमेरिकी सील किंवा सेन्सर असेल, तर चीनसाठी अमेरिकी भागांची किंमत एकूण किमतीच्या साधारण 25 टक्क्यांपर्यंत असेतो सूट आहे, चिपच्या काही यंत्रांना तीही नाही. आणि तेच सील स्पेअर म्हणून सुटं पाठवलं, तर टक्केवारी बघायचीच नाही, ते पूर्ण कायद्याखाली येतं. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

नावं तपासताना फक्त खरेदीदार बघून थांबू नये. माल उतरवून घेणारा, शेवटी वापरणारा, दोघांचे पत्ते, सगळं अमेरिकी वाणिज्य खात्याच्या मोफत शोधयादीत टाकावं. चिनी नावाची स्पेलिंगं तीन-तीन निघतात, पत्ता मात्र जुळतो. यादीतल्या कंपनीची 50 टक्के मालकी असलेल्या कंपन्याही धरण्याचा नियम सप्टेंबर 2025 मध्ये आला, नोव्हेंबरात वर्षभरासाठी थांबवला. तरी मालकीचा कागद आत्ताच मागून ठेवावा. ऑर्डर हातात असताना गिऱ्हाईक तो देतं, माल गेल्यावर देत नाही.