मोठं मूल घरी आणताना: दत्तक आणि प्रतिपालकत्व

सात-आठ वर्षांचं मूल घरी आणायचं ठरलं की सोलापुरात एक सल्ला हमखास मिळतो: "आधी दोन वर्षं सांभाळून बघा, जमलं तर दत्तक घ्या." देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण या एका वाक्यात दोन निरनिराळ्या व्यवस्था एकत्र केलेल्या असतात, दत्तक आणि प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर. त्या घोळात सगळ्यात जास्त होरपळतं ते मूल.

दोन्हींना आधार २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. दत्तक जाणारं मूल बालकल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीने, आधी दत्तकासाठी मुक्त जाहीर केलेलं असतं. आईवडील नाहीत, शोधूनही सापडले नाहीत किंवा त्यांनी रीतसर हक्क सोडलाय, हे सगळं तपासून झालेलं असतं. नोंदणी 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते, सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन अहवाल लिहितो आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर नाव, वारसा, जन्मदाखला सगळं पोटच्या मुलासारखंच. नातं कायमचं.

प्रतिपालकत्वात जन्मदात्यांशी असलेलं नातं तुटत नाही. आई दीर्घ आजारी आहे, वडील तुरुंगात आहेत, घरात सांभाळणारं कोणी नाही, अशा मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात वाढता यावं म्हणून समिती ते ठरावीक मुदतीसाठी तुमच्याकडे सोपवते. जन्मदात्यांचे हक्क शाबूत राहतात. समितीने हरकत घेतली नाही तर ते भेटायलाही येतात. आडनाव तेच, वारसाहक्क नाही. घराची दरमहा पाहणी करण्याची तरतूद कायद्यातच आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून मुलासाठी महिना ४,००० रुपये मिळतात.

मग 'दोन वर्षं' आली कुठून? २०२४ च्या फॉस्टर केअरच्या आदर्श मार्गदर्शक सूचनांत पाच वर्षांची अट कमी करून दोन केली आहे. तेवढा काळ मूल तुमच्याकडे राहिलं तर त्याला दत्तक घेण्यासाठी तुम्हाला पुढे येता येतं. पण त्यासाठी ते मूल कायद्याने मुक्त असावं लागतं. ज्याची आई दर महिन्याला भेटायला येते, ते मूल तुमच्या मायेने मुक्त होत नाही, आणि होऊही नये. म्हणून प्रतिपालकत्वाकडे दत्तकाची चाचणी म्हणून बघणं मला अजिबात पटत नाही. दत्तकाचा आदेश निघण्याआधीही मूल काही काळ तुमच्या घरी राहतं, तो दत्तकपूर्व काळ. त्यालाही कागदोपत्री फॉस्टर केअरच म्हटलेलं असतं. पण त्याची वाट दत्तकाकडेच जाते, म्हणून तो वेगळा.

वयाचं गणित मोठ्या मुलासाठी सैल आहे आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी दाम्पत्याच्या दोघांच्या वयाची बेरीज १०० पर्यंत चालते, आठच्या पुढे ११० पर्यंत. एकल पालकासाठी अनुक्रमे ५० आणि ५५. मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. बाळासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबून पन्नाशीला टेकलेल्या जोडप्यांनी हे जरूर बघावं.

खरा फरक मात्र तयारीत आहे. दत्तक घेताना मुलाला सांगायचं असतं, "आता हेच तुझं घर." पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घेतली जाते, पण 'हो' म्हणालं म्हणजे विश्वास बसला असं नाही. सुरुवातीचे काही आठवडे ते फार शहाण्यासारखं वागतं, मग अचानक हट्ट, खोटं बोलणं, उशीखाली भाकरी लपवून ठेवणं सुरू होतं. घाबरू नका. आपण कसेही वागलो तरी हे लोक आपल्याला परत पाठवणार नाहीत ना, हे ते तपासत असतं. "असं वागलास तर संस्थेत सोडून येईन," हे वाक्य गमतीतसुद्धा घरात कुणाच्याच तोंडी येऊ देऊ नका. आजी-आजोबांनाही आधीच बजावून ठेवा. मूल याच जिल्ह्यातलं असेल असं नाही, त्यामुळे भाषाही वेगळी असू शकते. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू आणि अक्कलकोटकडचं कानडी रोज कानावर पडणाऱ्या सोलापूरकरांना याचं नवल वाटू नये. त्याची भाषा पुसून टाकायची घाई करू नका.

प्रतिपालकत्वात "हेच तुझं कायमचं घर" असं वचन देताच येत नाही. तिथे सांगायचं, "तुझी आई बरी होईपर्यंत तू आमच्याकडे आहेस." तिच्याविषयी चांगलं बोलायचं, भेटीच्या दिवशी मूल रडत परतलं तरी भेटी थांबवा असं म्हणायचं नाही. शाळेत आणि दवाखान्यात नातं विचारलं जाईल, तेव्हा समितीच्या आदेशाची प्रत जवळ हवी. आणि निरोपाची तयारी पहिल्या दिवसापासून आपल्या मनाशी करावी लागते. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी तसं स्पष्ट सांगावं, त्यात कमीपणा नाही.

जिल्हा बाल संरक्षण कक्षात, म्हणजे हे काम बघणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयात, पहिल्यांदा जाल तेव्हा मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: मूल दत्तकासाठी मुक्त आहे का, त्याची भावंडं कुठे आहेत, आणि आजवर त्याला काय काय सांगितलं गेलंय.